घरातली जुनी पत्रे: तार सोडवण्यापासून तारखा लावण्यापर्यंत

माळ्यावरच्या ट्रंकेतून शंभर वर्षांपूर्वीच्या पत्रांचा गठ्ठा निघाला, की बहुतेक घरांत नुकसान एकाच प्रकारे होते. चार जण भोवती बसतात, दोरा तोडतात, ओळखीच्या नावाचे पत्र शोधून मोठ्याने वाचतात, पाकिटे एका बाजूला आणि पत्रे दुसऱ्या बाजूला पडतात, आणि संध्याकाळी सगळे पुन्हा एकत्र बांधून ठेवले जाते. कागद एकही हरवलेला नसतो. तरी कोणते पत्र कोणत्या पाकिटातले आणि कोणत्या पत्राचे उत्तर कोणते, हे त्या दिवसापासून कोणालाही सांगता येत नाही. साधारण १९०० ते १९४० या काळातल्या मराठी घरगुती पत्रव्यवहारावर काम करताना कशाच्या आधी काय करायचे, ते पुढे क्रमाने दिले आहे. वाचन हा या कामाचा पाचवा टप्पा आहे. आधीचे चार गाळले, तर वाचलेल्याचा अर्थ लागत नाही.

## टप्पा १: बैठकीची तयारी

कोरडे, स्वच्छ धुतलेले हात पुरेसे आहेत. सुती हातमोजे घातल्यावर बोटांना कागदाची कड जाणवत नाही आणि जीर्ण कागद उलटताना फाटतो, म्हणून ते टाळावेत. मोठ्या टेबलावर पांढरा कोरा कागद अंथरावा, म्हणजे गळून पडलेला तुकडा किंवा सुटलेले तिकीट लगेच दिसते. मऊ शिसपेन्सिल, मऊ कुंचला, भिंग, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि एक नोंदवही एवढे साहित्य लागते. पंखा बंद ठेवावा. पाणी आणि चहा दुसऱ्या खोलीत असू द्यावेत.

सावधान: त्या काळात कॉपिंग पेन्सिलीने लिहिण्याची पद्धत होती. तिचे अक्षर कोरडे असताना साध्या शिसपेन्सिलीसारखे करडे दिसते, पण ओलावा लागताच जांभळे होऊन पसरते. अक्षर फिकट आहे म्हणून ओला बोळा फिरवलेली कार्डे मी पाहिली आहेत. त्यांवर आता जांभळ्या डागापलीकडे काहीही उरलेले नाही. कोणत्याही पत्राला कोणत्याही कारणाने पाणी लावू नये.

## टप्पा २: गठ्ठा आहे तसा नोंदवणे

दोरा सोडण्याआधी गठ्ठ्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. गठ्ठा कशात होता, त्याच्याबरोबर आणखी काय होते (पावत्या, लग्नपत्रिका, मनीऑर्डरची कुपने, पंचांग), आणि वर चिठ्ठी असल्यास तिच्यावर काय लिहिले होते, हे वहीत उतरवावे. मनीऑर्डरचे कुपन पत्र नाही म्हणून बाजूला टाकणे ही नेहमीची चूक आहे. त्यावर पाठवणाऱ्याचे नाव, रक्कम, टपालाचा शिक्का आणि पुष्कळदा दोन ओळींचा मजकूर असतो. मुंबईच्या गिरणीत नोकरीला गेलेल्या माणसाचा घराशी असलेला सगळा लेखी संबंध कधी कधी अशा कुपनांतच सापडतो.

पत्रे तारेत ओवलेली असतील, तर या टप्प्यावर विशेष थांबावे. पत्र आले, वाचून झाले, उत्तर गेले, की ते भिंतीवरच्या आकड्याच्या तारेत ओवायचे, अशी अनेक घरांची रीत होती. त्यामुळे तारेवर सर्वांत खालचे पत्र सर्वांत जुने आणि सर्वांत वरचे शेवटचे. हा क्रम म्हणजे घरातल्याच कोणी तरी नकळत करून ठेवलेली तारीखवार लावणी आहे. मी हाती घेतलेल्या पहिल्या तारेवरची पत्रे मी घाईने उपसली. त्यांचा क्रम पुन्हा लावण्यात कित्येक महिने गेले, आणि त्यांतल्या सात कार्डांची जागा आजही ठरलेली नाही.

तार बहुधा गंजलेली असते. कागद गंजलेल्या वळणावरून ओढून काढू नयेत. आकड्याचा वाकडा भाग पकडीने कापावा आणि सरळ उरलेल्या तारेवरून वरून खाली एकेक पत्र उचलत जावे. उचललेले प्रत्येक पत्र आधीच्या पत्रावर पालथे ठेवले, की ढीग पुरा झाल्यावर क्रम तसाच राहतो.

पडताळणी: तारेवरचा क्रम हा पुरावा आहे, पण निकाल नाही. जमिनीचा किंवा लग्नाचा विषय असलेले पत्र पुन्हा पाहण्यासाठी काढून नंतर वर ओवलेले असू शकते. त्याला दोन छिद्रे पडलेली असतात, म्हणून छिद्रे मोजावीत.

## टप्पा ३: उघडणे, क्रमांक घालणे, छायाचित्र घेणे

पाकिटातून पत्र काढले, की दोघांना एकच क्रमांक द्यावा: पाकिटाला १७-अ, पत्राला १७-आ. क्रमांक मागच्या बाजूच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने घालावा. बॉलपेन, शिक्का किंवा चिकटवायची चिठ्ठी वापरू नये. क्रमांक गठ्ठ्यातल्या क्रमाचा असावा, तारखेचा नव्हे. तारीख पुढे बदलू शकते, क्रमांक बदलू नये.

घडी कडक झाली असेल, तर एका बैठकीत ती उलगडण्याचा हट्ट धरू नये. जेवढी सहज उघडेल तेवढी उघडून वर कोरा कागद आणि हलके वजन ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी पुढची घडी घ्यावी. घडीवर चरचर ऐकू आली, की थांबावे. असा कागद जाणकाराकडेच न्यावा.

छायाचित्र दोन्ही बाजूंचे घ्यावे, बाजू कोरी असली तरीही. खिडकीजवळच्या, पण थेट उन्हात नसलेल्या उजेडात, फोन कागदाला समांतर धरून काढलेले चित्र घरगुती कामाला पुरते. स्कॅनर असल्यास तीनशे ते सहाशे डीपीआय आणि रंगीत. काळ्यापांढऱ्या चित्रात शिक्क्याची शाई आणि पत्राची शाई एकमेकींत मिसळतात आणि पुढच्या टप्प्यात तेच अडते.

सावधान: तिकिटे सोडवू नयेत. तिकीट पाण्यात भिजवून काढले, की त्यावर अर्धा उमटलेला शिक्काही जातो, आणि त्याबरोबर त्या पत्राचा गाव आणि दिवस.

## टप्पा ४: तारीख ठरवणे

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात. एका पत्राला तारखेचे चार पुरावे असू शकतात: लिहिणाऱ्याने घातलेली मिती, टपालाचे शिक्के, तिकीट आणि मजकूर. चारही स्वतंत्रपणे नोंदवावेत आणि मगच एकमेकांशी ताडून पाहावेत.

मिती. पुष्कळ पत्रांवर इंग्रजी तारखेऐवजी शालिवाहन शकाची मिती असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, एवढेच लोकांना ठाऊक असते, आणि तिथेच वर्षभराची चूक होते. चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे. १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. समजा, कार्डावर ‘पौष व. ९ शके १८३५’ (व. म्हणजे वद्य) असे आहे. ७८ मिळवून १९१३ काढले, तर ते कार्ड एक वर्ष मागे जाते. ही मिती १९१४ च्या जानेवारीच्या उत्तरार्धात येते. पौषाचा आरंभ बऱ्याचदा डिसेंबरात आणि शेवट जानेवारीत होत असल्याने त्या महिन्यातली प्रत्येक मिती जुन्या पंचांगात पाहिल्याशिवाय पक्की धरू नये. मार्गशीर्षाचे शेवटचे दिवसही काही वर्षी जानेवारीत जातात.

शक न घालता केवळ संवत्सराचे नाव दिलेले असते, तेव्हा लक्षात ठेवावे की नावांचे चक्र साठ वर्षांचे आहे. ‘प्रभवनाम संवत्सरे’ म्हणजे शके १८४९, अर्थात १९२७-२८. पण त्याच्या साठ वर्षे आधी आणि नंतरही तेच नाव आहे. वाराची नावेही फसवतात. भौमवार म्हणजे मंगळवार, सौम्यवार म्हणजे बुधवार, भृगुवार म्हणजे शुक्रवार, मंदवार म्हणजे शनिवार. मिती आणि वार दोन्ही असतील, तर पडताळणीचे यापेक्षा चांगले साधन नाही: काढलेल्या इंग्रजी तारखेला तो वार येत नसेल, तर गणित पुन्हा करावे. ज्या वर्षी अधिक मास आहे, त्या वर्षी विशेष जपावे.

शिक्के. पत्रावर सामान्यतः दोन गावांचे शिक्के असतात, टाकले तिथला आणि पोचले तिथला. पोचल्याचा शिक्का जास्त स्पष्ट उमटलेला असतो म्हणून तीच पत्राची तारीख धरणे ही नेहमीची चूक आहे. दोन्ही लिहून घ्यावेत आणि मधले दिवस मोजावेत. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत, त्यामुळे मुंबईहून गेलेले कार्ड त्या महिन्यांत उशिरा पोचलेले दिसले तर शिक्का चुकीचा वाचला असे समजू नये. वर्षाचे दोनच आकडे असतात आणि तारखेचेही दोनच. १२ हा दिवस की १९१२, हे महिन्याच्या अक्षरांच्या कोणत्या बाजूला आहे त्यावरून ठरते. गावांची नावे इंग्रजांच्या उच्चाराप्रमाणे असतात: पूना, थाना, शोलापूर, धारवार, बेलगाम. पाकिटाच्या कोपऱ्यात वेगळ्या शाईत ‘पावले’ किंवा ‘उत्तर दिले’ अशी नोंद असेल, तर ती पाठवणाऱ्याची नसून घेणाऱ्याची आहे.

शिक्क्यात गावाऐवजी फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असेल आणि शेजारी सेन्सॉरची खूण असेल, तर ते पत्र लष्करात गेलेल्या माणसाचे आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होत्या, आणि कूत-अल-अमाराचा वेढा डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा चालला. शिक्क्यात ठिकाण नसण्याचे कारण गुप्तता हे आहे; ठिकाण मजकुरावरून ओढूनताणून काढू नये.

तिकीट. तिकिटावरचा राजा ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगतो. सातव्या एडवर्डची तिकिटे १९०२ पासून, पाचव्या जॉर्जची १९११ पासून, सहाव्या जॉर्जची १९३७ पासून. जुनी तिकिटे घरात शिल्लक असत आणि नवा राजा आल्यावरही वापरली जात, म्हणून एडवर्डचे तिकीट दिसले की पत्र १९१० च्या आतलेच, असा निष्कर्ष चुकीचा आहे. दर अधिक उपयोगी पडतो. पोस्टकार्ड १८७९ मध्ये सुरू झाले ते पाव आण्याला, आणि १९२२ मध्ये ते अर्ध्या आण्याला झाले. पाव आण्याच्या छापील कार्डावर आणखी पाव आण्याचे तिकीट डकवलेले असेल, तर ते १९२२ नंतरचे असण्याची शक्यता मोठी. गठ्ठ्यात घडीचे निळे अंतर्देशीय पत्र मिसळले असेल, तर ते १९५० च्या आधीचे नाही. पत्त्यात पिनकोड असेल, तर १९७२ च्या आधीचे नाही. अशी पत्रे वेगळ्या यादीत घ्यावीत.

मजकूर. ‘मानमोडीने घरोघर माणसे निजली आहेत’ अशा अर्थाची ओळ असेल, तर ती १९१८ च्या इन्फ्लुएंझाची आहे, कारण त्या साथीला मराठीत हेच नाव पडले होते. प्लेगचे तसे नाही. तो मुंबईत १८९६ मध्ये आला आणि पुढे अनेक वर्षे परत परत येत राहिला, त्यामुळे ‘गाव सोडून माळावर झोपडी घातली आहे’ एवढ्यावरून वर्ष ठरत नाही.

पडताळणी: नोंदवहीत तारखेपुढे तिचा आधार लिहावा: मिती, शिक्का, तिकीट की मजकूर. आधार न लिहिलेली तारीख सहा महिन्यांनी तुम्हालाच खरी वाटू लागते.

## टप्पा ५: वाचन

पत्ता बालबोधात (म्हणजे देवनागरीत) किंवा इंग्रजीत आणि आतला मजकूर मोडीत, हा प्रकार फार आढळतो. मोडी येत नसेल तर अंदाजाने वाचू नये. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिला खाली अक्षरे लावत जातात, शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे नसतात, आणि ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद बहुधा नसतो. अंदाजाने वाचलेले एक आडनाव पुढच्या वीस पत्रांत चुकीचे जाते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांच्या वर्गांत मोडी शिकता येते, आणि घरगुती पत्रांपुरती ती काही महिन्यांत हाती येते.

येत असली, तरी सुरुवात मजकुरापासून करू नये. आधी मायना आणि शेवट वाचावा. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ‘येथील क्षेम जाणून’, ‘बहुत काय लिहिणे’, ‘लोभ असावा ही विनंती’ या ठरलेल्या शब्दांतून त्या हाताचा न, म, व, ल, स कसा वळतो ते कळते. ही अक्षरे वेगळ्या कागदावर चितारून त्या हाताचा तक्ता करावा आणि तो समोर ठेवून मजकूर घ्यावा.

कार्डाची जागा संपली, की लिहिणारा कडेने वळतो. पुढचा मजकूर डाव्या समासात उभा, मग वर उलटा, आणि शेवटी पत्त्याच्या बाजूला सापडतो. समासातली ओळ शेजारच्या ओळीचा भाग समजून मध्येच वाचली, तर अर्थाचा गोंधळ होतो. समासातले अक्षर निराळे वाटले, तर ते नक्की तपासावे. घरधन्याने लिहिलेल्या कार्डाच्या कडेला बायकोने किंवा मुलीने चार शब्द घातलेले असतात, आणि काही घरांत त्या बाईचे स्वतःच्या हातचे तेवढेच अक्षर उरलेले असते.

सावधान: रुपयांच्या आकड्यांत उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन रेघा म्हणजे पाऊण. ‘१५।’ म्हणजे पंधरा रुपये चार आणे. ते एकशे एक्कावन्न नव्हेत. ‘५॥’ म्हणजे साडेपाच रुपये. ते पाचशे अकरा नव्हेत आणि त्या दोन रेघा पूर्णविरामही नव्हेत. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, हे धरून बेरीज जुळते का ते पाहावे.

## टप्पा ६: मायन्यावरून नाते काढणे

मायना हा शिष्टाचार म्हणून ओलांडला जातो, पण नात्याचा सर्वांत भरवशाचा धागा तोच आहे. ‘तीर्थरूप’ हे आई-वडिलांना, ‘तीर्थस्वरूप’ हे इतर वडीलधाऱ्यांना, असा संकेत आहे. ‘ती. रू. नाना’ आणि ‘ती. स्व. नाना’ ही दोन पत्रे एकाच माणसाला असू शकतात, लिहिणारे मात्र वेगळे: पहिला बहुधा मुलगा, दुसरा पुतण्या किंवा जावई. संकेत सर्वांनी सारख्याच काटेकोरपणे पाळला असे नाही, म्हणून एका पत्रावरून नाते ठरवू नये.

‘चि.’ धाकट्यांना, ‘सौ.’ सवाष्णीला, ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी विधवेला, ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री पुरुषाला मानाने. एकाच बाईच्या नावाआधी एका पत्रात ‘सौ.’ आणि पुढच्यात ‘गं. भा.’ आले, तर त्या दोन पत्रांच्या मधल्या काळात त्या घरात काय घडले ते सांगावे लागत नाही, आणि मृत्यूची तारीखही त्या दोन तारखांच्या दरम्यान बसते. ‘ता.’ हे मात्र संदर्भाने पाहावे: मजकुराच्या डोक्यावर तारीख, पत्त्यात तालुका, आणि ‘ता. क.’ असेल तर ताजा कलम.

नाना, अण्णा, तात्या, माई, अक्का ही नावे प्रत्येक पिढीत पुन्हा येतात. लग्नानंतर बाईचे नाव बदललेले असते आणि माहेरची माणसे जुन्याच नावाने लिहीत राहतात. म्हणून प्रत्येक व्यक्तीचा वेगळा कागद करून त्यावर हाक मारायचे नाव, पाळण्यातले नाव, सासरचे नाव आणि ती कोणाच्या पत्रात कशी येते ते टिपावे. एक अक्षर म्हणजे एक व्यक्ती, हेही गृहीत धरू नये. ज्यांना लिहिता येत नसे, ते शेजाऱ्याकडून किंवा पलटणीतल्या लेखनिकाकडून लिहवून घेत. ‘दस्तुर खुद्द’ असे असेल तरच अक्षर पाठवणाऱ्याचे.

सावधान: कोपरा फाटलेले आणि डोक्यावर ‘श्री’ नसलेले कार्ड दिसले, तर ते खराब झालेले कार्ड नव्हे. मृत्यूची बातमी कळवताना कोपरा मुद्दाम फाडत आणि ‘श्री’ घालत नसत. असे कार्ड वाचून नष्ट करण्याची रीत असल्याने ते गठ्ठ्यात क्वचित सापडते. सापडले, तर कोणी तरी ते जपून ठेवण्याचे ठरवले होते. त्या कोपऱ्याला कागद लावून दुरुस्ती करू नये. कोपऱ्यावर कुंकवाचे डाग असतील, तर ते मंगल बातमीचे. तेही पुसू नयेत.

## टप्पा ७: नक्कल उतरवणे

जसे आहे तसे उतरवावे. ‘तुह्मी’, ‘आह्मी’, ‘ह्मणून’, ‘नाहीं’, ‘घरीं’, ‘कां’ ही रूपे चुकीची नाहीत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी असेच लिहीत. ती आजच्या रूपात बदलली, तर लिहिणाऱ्याच्या शिक्षणाचा आणि बोलीचा मागच पुसला जातो. न लागलेला शब्द चौकोनी कंसात प्रश्नचिन्हाने दाखवावा, तारेच्या छिद्रात गेलेली अक्षरे [छिद्र] अशी, फाटलेला भाग [फाटले] असा. अर्थ लागावा म्हणून शब्द घातला असेल, तर तोही कंसातच. सोपी करून सांगितलेली आवृत्ती नातेवाइकांसाठी हवी असेल, तर ती वेगळ्या कागदावर लिहावी.

पडताळणी: नक्कल पुरी झाल्यावर दुसऱ्या माणसाने मूळ पत्रातून मोठ्याने वाचावे आणि तुम्ही नकलेवरून बोट फिरवावे. एकट्याने तपासताना डोळा स्वतःची चूक बरोबर म्हणून वाचतो.

## टप्पा ८: ठेवण

टाचण्या, रबरबँड आणि दोरे काढून टाकावेत. प्रत्येक पत्र पाकिटासह आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवावे, आणि घड्या आडव्या, सपाट डब्यात. लॅमिनेशन कधीही करू नये, कारण ते परत उलगडत नाही. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून अक्षरासकट कागद खाते. कसर आणि वाळवी टाळण्यासाठी डबा भिंतीला टेकवू नये, जमिनीवर ठेवू नये, आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहावा. उन्हात मात्र घालू नये.

आता तारीखवार लावणी करायची असेल तर ती वहीत किंवा संगणकावरच्या छायाचित्रांत करावी. मूळ कागद टप्पा ३ मधल्या क्रमांकानेच राहू द्यावेत. चित्राच्या फायलीला वर्ष, महिना, दिवस आणि शेवटी पत्राचा क्रमांक असे नाव दिले, की ती आपोआप कालानुक्रमे लागतात. नातेवाइकांना चित्रे पाठवण्याआधी मजकुरात कर्जाचा, दत्तकाचा किंवा घरातल्या भांडणाचा उल्लेख आहे का ते पाहावे, आणि ज्यांच्या आई-वडिलांविषयी तो आहे त्यांना आधी विचारावे. ज्या पत्रांची तारीख किंवा लिहिणारा ठरलेला नाही, त्यांचा एक वेगळा लिफाफा न करता ती आपापल्या क्रमांकाच्या जागीच ठेवावीत, आणि वहीत त्यांच्यापुढचा रकाना कोरा सोडावा.